‘जन्मतःच’ कसले?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रक्त न गोठण्याच्या आजारांवरचा कालच्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. भाषा सोपी आहे, तक्रार नाही. पण ‘हे आजार जन्मतःच असतात व मुख्यतः मुलग्यांना होतात’ हे वाक्य चौकटीत, ठळक टायपात छापायची हौस कोणाची? आमच्या सासूबाईंनीच ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, “म्हणजे मी पंचाहत्तराव्या वर्षी जन्मले म्हणायची. तीही मुलगा म्हणून.”

कारण याच समजुतीपायी त्यांचे दोन महिने फुकट गेले. दंडापासून मनगटापर्यंत हात काळानिळा. पडल्या नाहीत, कुठे आपटल्या नाहीत. रक्त तपासायला सुई टोचली की कापूस दाबून तासभर बसायचं. एकदा तर रात्रीत उशीचा अभ्रा रक्तानं भिजला. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणापासून असं होतं का? नाही. घरात कुणाला? नाही. मग रक्ताचा आजार नाही, विषय संपला. वर मला बाजूला घेऊन हळूच, “घरात कोणी हात उगारत नाही ना?” विचारणं त्यांचं कामच असेल, पण राग यायचा तो आलाच.

आणि रिपोर्ट आमच्या पिशवीतच होता! प्लेटलेट नॉर्मल, रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या दोन चाचण्यांपैकी पीटी नॉर्मल, पण एपीटीटी दुपटीहून जास्त, शेजारी ‘इथे गडबड आहे’ सांगणारी छापील चांदणी. त्या चांदणीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. शेवटी एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंनी सासूबाईंच्या प्लाझ्मात (रक्तातल्या पातळ द्रवात) निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा निम्मा मिसळायला लावला. मिसळल्या मिसळल्या गोठायची वेळ जरा सुधारली, पण ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर पुन्हा लांबली. रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी घटक ८ नुसता कमी असता तर असं झालं नसतं. बाहेरून आलेलाही कोणीतरी फस्त करत होतं. त्यांच्याच शरीरानं त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार केल्या होत्या. याला अ‍ॅक्वायर्ड, म्हणजे मागाहून जडलेला, हिमोफिलिया म्हणतात. तो बायकांनाही होतो, बाळंतपणानंतरही होतो, कधी कॅन्सर किंवा संधिवातासारख्या आजाराच्या मागून येतो आणि निम्म्या रुग्णांत कारण सापडतच नाही. सासूबाईंचंही सापडलं नाही. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या.

हा दुर्मीळ, दहा लाखांत वर्षाला एखाद-दुसऱ्याला, म्हणून सोडून द्या. पण लिव्हर बिघडलं की बरेचसे घटक बनायचेच कमी होतात, हे तर दुर्मीळ नाही? पित्ताची वाट अडली की ‘के’ जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि २, ७, ९, १० हे घटक नावापुरते उरतात. वॉरफॅरिन हे रक्त पातळ करायचं औषध हेच मुद्दाम घडवून आणतं. माणसांना द्यायच्या आधी ते उंदीर मारायला वापरत. रक्तात जंतुसंसर्ग पसरला तर अंगभर बारीक गुठळ्या होऊन या घटकांचा सगळा साठाच संपतो आणि गुठळ्या होत असतानाच रक्तस्राव सुरू होतो. यातलं जन्मतःचं काय आहे? लेखात यावर एक ओळ नाही.

जागेचं कारण कृपया सांगू नका. त्याच पानावर अर्धं पान शब्दकोडं आहे, आणि गेल्या आठवड्याच्या कोड्याचं उत्तर छापायला तुम्ही याही वेळी विसरलात.

आपली,
एक नियमित वाचक