कर्णबधिरांच्या शाळेला कर्णबधिर शिक्षक चालत नाही? मंत्रीसाहेबांना खुलं पत्र

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार. आमच्या मुलीच्या शाळेच्या वर्धापनदिनाला तुम्ही आलात, संस्थापकांच्या फोटोला हार घातलात आणि स्टेजवरून शब्द दिलात की वर्षभरात साइन लँग्वेज येणारे शिक्षक देतो, त्यात एक तरी कर्णबधिर असेल. पोरांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, त्यांची टाळी तीच.

गेल्या आठवड्यात मुलाखती झाल्या. याच शाळेत शिकून डीएड झालेला कर्णबधिर मुलगा आला होता, त्याला "फोन आला तर कोण उचलणार?" म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढलं. ज्यांना घेतलं त्यांना एक खूण येत नाही. सर फळ्याकडे तोंड करून बोलतात, ओठसुद्धा दिसत नाहीत, माझी मुलगी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते. बाष्पीभवन हा शब्द तिने वळणदार अक्षरात पानभर लिहिलाय, अर्थ विचारला तर खांदे उडवले. मी पातेल्यावरची वाफ दाखवली, खुणेने सांगितलं, पाच मिनिटांत कळलं तिला. मी कोण? नोकरी सोडून रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून खुणा शिकलेली आई. पगार घेणाऱ्यांना हे का जमू नये?

तुम्ही भाषणात शाळेच्या इतिहासाचं कौतुक केलंत ना, मग पूर्ण इतिहास ऐका. पॅरिसमध्ये 1760 च्या सुमारास आबे द लेपे या धर्मगुरूंनी शाळा काढली ती कर्णबधिरांच्या खुणा आधी स्वतः शिकून. त्याच शाळेतला विद्यार्थी आणि मग शिक्षक झालेला लोरां क्लेर, स्वतः कर्णबधिर, गॅलोडेट या अमेरिकन धर्मगुरूबरोबर बोटीने अमेरिकेला गेला, वाटेत त्याने गॅलोडेटला खुणा शिकवल्या आणि स्वतः इंग्रजी शिकला, 1817 ला हार्टफर्डची शाळा सुरू झाली ती या दोघांमुळे. म्हणजे पायाच कर्णबधिर माणसाच्या हातांनी घातलाय. मग 1880 ला मिलानमध्ये कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेला 164 जण जमले, त्यात कर्णबधिर फक्त एक, आणि ठरवून टाकलं की बोलायलाच शिकवायचं, खुणा बंद. किती शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, किती पिढ्यांचे हात बांधले गेले! त्याबद्दल खेद व्यक्त व्हायला 2010 उजाडलं, व्हँकुव्हरच्या परिषदेत. आणि आपल्याकडे पहिली शाळा मुंबईत 1885 ला निघाली, तरी अजून फोन कोण उचलणार इथेच अडकलोय आपण.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 17 वाचा, सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा असं लिहिलंय, त्यात दिव्यांग शिक्षकही आले. मी नऊ अर्ज दिले, प्रत्येक टेबलावर एकच उत्तर, वरून आदेश नाही. वर म्हणजे तुम्हीच ना साहेब? कर्णबधिरांचं सगळं ऐकणारेच ठरवणार, कमिटीत ते नाहीत, मुलाखत घेणाऱ्यांत नाहीत, ऑफिसात गेलं तर दुभाषा नाही. हे फक्त आमच्या शाळेचं नाही, सगळीकडे हेच चाललंय.

त्या मुलाखती रद्द करा आणि त्या मुलाला परत बोलवा. फोन उचलायला आम्ही पालक पाळीपाळीने येऊन बसू, पहिला सोमवार माझा.

एक पालक