दफेदार काका, घोडी आता उभी राहते

आदरणीय दफेदार काकांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला घरी पाठवता आलं असतं. पण सारंगखेड्याच्या बाजारातून दरवर्षी माझ्यासारखी हौशी माणसं घोडं घेऊन घरी येतात आणि मग त्यांच्यापुढे प्रश्न पडतो की आता याचं करायचं काय. त्यांनाही हे वाचायला मिळावं म्हणून चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालायचं नाही, ही तुमची अट पाळली आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या यात्रेत घोडं बघायला आलेली माणसं काय बघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. रंग बघतात, उंची बघतात, कानांची टोकं एकमेकांना भिडतात का ते बघतात. आणि अंगावरच्या केसांचे भोवरे, ज्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात! माझ्या कुमैत, म्हणजे तांबूस अंगाच्या आणि काळ्या आयाळीच्या घोडीच्या कपाळावरच्या भोवऱ्यावर तिथे सात जणांनी सात मतं दिली होती. तुम्ही घोडी शिकवायला सासवडला आलात तेव्हा भोवऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चारही खूर उचलून तळवे दाबले, टाचा बघितल्या आणि शेवटी तोंड उघडायला लावलं.

घोडी वरातीत नाचवायची म्हणून तयार केलेली होती. मला सकाळी तास-दीड तास शेताच्या बांधांवरून, पुरंदरच्या पायथ्याच्या वाटांवरून निवांत फिरायला घोडी हवी होती. या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते तिच्या तोंडात दिसत होतं. घोड्याच्या पुढच्या दातांत आणि दाढांत जी मोकळी जागा असते, जिथे कडियाळं, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी दांडा बसतो, तिथे तिला जुने घट्टे पडले होते. लगाम नुसता दाखवला तरी ती मान आभाळाला लावायची. तिच्याबरोबर आलेलं कडियाळं तुम्ही हातात घेऊन अंगठ्याने चाचपलंत. आतल्या बाजूला काटे होते. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली जे नियम झाले त्यांत काटेरी लगामाला सरळ मनाई आहे, तरी तो मिळतो आणि वापरलाही जातो. तुम्ही काही बोलला नाहीत. ते कडियाळं माझ्याकडे परत दिलंच नाहीत, तुमच्या पिशवीत टाकलंत.

मग डॉक्टरांना बोलावलं. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला टोचत होत्या, त्या कानशीने घासून घेतल्या. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर येत राहतात, म्हणून हे वर्षातून एकदा तरी बघावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. मान झटकण्याचं निम्मं कारण तिथेच होतं. "खोड म्हणायच्या आधी दुखणं शोधायचं, ताई," एवढंच तुम्ही म्हणालात. खोगिरालाही तोच न्याय. कण्यावर मोकळी फट राहते की नाही हे तुम्ही शेपटीकडून वाकून पाहिलंत आणि राहत नाही म्हटल्यावर माझं महागाचं खोगीर दोन मिनिटांत बाद केलंत.

खुराकाचंही तसंच. घोडी फार तेज आहे असं मला सांगितलं गेलं होतं. तुम्ही हरभरा निम्म्यावर आणलात, सुका चारा वाढवलात आणि तो दिवसभर थोडा थोडा द्यायला सांगितलात. घोड्याचं पोट लहान, त्याला ओकता येत नाही, एकदम जास्त पडलं की पोटशूळ, हे सगळं गोठ्यातल्या पोरालाही नीट बसवून समजावलंत. महिनाभरात तेजी बरीच ओसरली. काम न करता दाणा खाणाऱ्या जनावरात दुसरं काय होणार!

या सगळ्यात तुम्ही घोडीवर बसला नव्हतात, आणि मीही नव्हते. शेजारी विचारायचे, घोडी शिकवायला माणूस आणलाय म्हणे, तो नुसता उभाच दिसतो. खरंच होतं ते. तुम्ही तिला उभं राहायला शिकवत होतात. तिला थांबणं कुणी शिकवलंच नव्हतं. लगाम ओढला की नाच, चाबूक दिसला की नाच, ढोल वाजला की नाच. रिकिबीत पाय घालेपर्यंत ती चार पावलं पुढे गेलेली असायची.

त्या काळात आपल्या वाटेने धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तांडा, चालला होता. तुम्ही मला बांधावर उभं केलंत आणि बघायला लावलंत. एक बाई भीमथडी जातीच्या तट्टावर संसार लादत होती: भांडी, पाल, वर कोंबड्यांची डालगी. तट्टू न बांधता उभं. कुत्री भुंकतायत, मेंढरं अंगावरून जातायत, ते मात्र जागचं हललं नाही. "हे शिकलेलं घोडं," तुम्ही म्हणालात. सहा आकडी किंमतीच्या मारवाडी घोडीची मालकीण तिथे गप्प उभी होती.

उभं करण्याची तुमची रीत मी इथे लिहून ठेवते, कारण मला वाटतं तीच सगळ्याच्या मुळाशी आहे. घोडी पुढे सरकली की दोर हलकेच आखडायचा. तिने वजन मागे घेतलं की बोटं उघडायची. पाऊल मागे पडेपर्यंत थांबायचं नाही, तिच्या मनात मागे यायचं आलं की त्याच क्षणी उघडायची. ओढण्यातून घोडं शिकत नाही. ओढ सुटते तेव्हा त्याला कळतं की आपण केलं ते बरोबर. उशिरा सोडलं तर ते भलतंच काहीतरी शिकतं. हे वाक्यात सोपं आहे. हाताला यायला वेळ लागतो, कारण माणसाच्या हाताला पकडायची सवय असते. तुम्ही दोराचं एक टोक माझ्या हातात, दुसरं स्वतःच्या हातात घेऊन, मला डोळे मिटायला लावून माझीच बोटं तपासायचात. घोडीच्या आधी मी तुमच्या हाताला बरंच ओढलं आहे.

ताडपत्री, प्लास्टिकची पिशवी, मोटारसायकलचा हॉर्न हे सगळं तुम्ही डावीकडून दाखवलंत आणि पुन्हा नव्याने उजवीकडून. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण नाकासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून समोरून हात डोक्यावर न्यायचा नाही, खांद्याकडून जायचं. आमच्याकडे येणारी लहान मुलं आता हे एकमेकांना शिकवतात.

मग माझी पाळी. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीत, लष्कराच्या घोडदळात, तुमची नोकरी झाली, त्याचा सगळा हिशेब माझ्यावर काढलात! एरवी शुद्ध सातारी बोलणारे तुम्ही, मी घोडीवर चढले की हिंदीत शिरायचात. "कमर सीधी! नजर सामने! रकाब छोड!" हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय तर पुढचा शब्दच नाही. चढायचं ते ओट्यावरूनच, म्हणजे खोगीर एका अंगाला ओढलं जाऊन तिची पाठ पिळवटत नाही. लांब दोरावर घोडी गोल फिरतेय, माझ्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही, दोन्ही हात बाजूला पसरलेले. मांड पक्की म्हणजे मांड्या आवळून धरायच्या, असं मी कुठेकुठे ऐकलं होतं. तुम्ही नेमकं उलट सांगितलंत. गुडघा आवळला की बूड वर उचललं जातं. पाय पिठाच्या ओल्या गोळ्यासारखे जड, सैल लोंबू द्यायचे, मग वजन आपोआप बसायच्या दोन हाडांवर येतं. ते आलं तेव्हा पहिल्यांदा मला घोडीचे मागचे पाय माझ्या कमरेत एकेक करून जाणवले. कोणता पाय उचलला हे खाली न बघता सांगायची तुमची परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

चालींचा घोळ वेगळाच होता. दुडकीत पायांच्या तिरप्या जोड्या पडतात, दोन ठेक्यांत. घोडीचा बाहेरचा खांदा पुढे जाताना खोगिरातून उठायचं हे जमू लागलं की घोडी हळूच रवालीत शिरायची, जिथे एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ बरोबर जातात. मग माझं उठणं-बसणं हवेतच. बाजारात रवालीला भाव आहे, हे मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, चाल तिच्या रक्तातली आहे, मारायची नाही, पण कोणती चाल हवी हे मालकिणीने ठरवावं. लगाम जरा लांब, अंग सैल, जमिनीवर आडव्या टाकलेल्या बांबूंवरून दुडकी. बांबूंवरून रवाल करणं अवघड जातं, तेव्हा ती आपसूक दुडकीत येते. इतकी साधी युक्ती.

आणि एक गोष्ट ज्यासाठी मला तुमचे सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत. गावात लग्न होतं, हलगी कडाडली आणि घोडीने पुढचा पाय उचलून तीन-चार ठेके धरले. तिचं जुनं परत आलं म्हणून माझा चेहरा पडला. मी विचारलं, हे कसं मोडायचं? तुम्ही चक्क हसलात. "तिची विद्या आहे ती. तोंडात काटा नाही, पाठीवर चाबूक नाही, तरी पाय उचलते म्हणजे आता स्वतःसाठी उचलते. चार ठेके धरू द्या, मग 'बस' म्हणा." तिने धरले. मी श्वास सोडून 'बस' म्हटलं, ती उभी राहिली. घोडीचं आधीचं आयुष्य पुसून टाकायचा हट्ट तुम्ही मला करू दिला नाहीत. ती स्वतःसाठी नाचते हे खरं की नाही, यावर माझे पशुवैद्य मित्र वाद घालतात. घालोत.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, एसटीचं अर्धं तिकीटही स्वतःचं काढलंत. अंजिरांची एक पेटी नेलीत, तीही काकूंसाठी. या व्यवहारात मी फार वर राहिले आहे.

आता अडचण. डाव्या हाताला गोल फिरताना कँटर, म्हणजे दुडकीच्या पुढची तीन ठेक्यांची चाल, छान निघते, आतला पाय बरोबर पुढे. उजव्या हाताला मात्र अजून डाव्या पायानेच सुरुवात करते आणि वळणावर तोल जातो. कोपऱ्यात शिरताना, अंग वळलेलं असताना तिच्याकडे कँटर मागून पाहिली. कधी जमतं, कधी नाही. नालबंद म्हणतो उजवा मागचा खूर नीट आहे, डॉक्टरांनाही पाठीत काही सापडलं नाही. म्हणजे बहुधा माझंच उजवं बूड खोगिरावर कमी टेकत असणार. दिवाळीनंतर बाजरीची रानं मोकळी होतात, तेव्हा दोन दिवस काढून याल का? या वेळी तिकीट मी काढणार.

काकूंना नमस्कार.

तुमची शिकाऊ,
सासवडची ताई