आमच्या संशोधन केंद्राचं वर्ष आखायला बसलेल्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

केंद्राच्या वार्षिक आराखड्याला सल्लागार समितीची मंजुरी मिळाली. इतिवृत्तात 'आराखडा सादर करण्यात आला व एकमताने संमत झाला' एवढीच ओळ आहे. तो सादर करण्याजोगा कोणी केला, हे लिहायला इतिवृत्तात जागा नसते. म्हणून हे पत्र. ते खुलं लिहितो आहे, कारण विद्यापीठांच्या शिक्षण संशोधन केंद्रांत दरवर्षी अशाच बैठकीला बसणारे पुष्कळ जण असतील, आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेली व्यक्ती त्यांच्या शेजारी असेलच असं नाही. नाव घालू नका म्हणालात, तेवढं पाळतो.

तुम्ही आल्या आल्या उपक्रमांची यादी बाजूला सारून शाळांचं वेळापत्रक मागितलंत. आमच्यासमोर वर्षं तीन होती: विद्यापीठाचं शैक्षणिक वर्ष, निधीचं आर्थिक वर्ष आणि परिषदांना गोषवारे पाठवायच्या मुदतींचं वर्ष. ज्या शाळांत जाऊन काम करायचं त्यांचं वर्ष चौथं, आणि बाकीच्या तिघांनी त्याच्या सोयीनं चालायचं, हे तुम्ही परस्पर ठरवूनच टाकलंत. परीक्षा, निकाल, सुट्ट्या, क्रीडास्पर्धा यांच्यावर तुमची पेन्सिल फिरत गेली. शाळा उघडल्यानंतरचे पहिले दिवसही गेले, कारण तेव्हा तासिका बसलेल्या नसतात आणि मुलं या तुकडीतून त्या तुकडीत हलत असतात. परीक्षेआधीचे आठवडेही गेले. "तेव्हा वर्गात उजळणी चालते. तुम्हाला शिकवणं बघायचंय ना?" उरलेले आठवडे मोजल्यावर वर्गनिरीक्षणाचे दोन प्रकल्प एका सत्रात मावत नाहीत, हे कोणी कोणाला पटवून द्यावं लागलं नाही.

पायाभूत चाचणीची, म्हणजे उपक्रमाआधी मुलांना किती येतं ते बघणाऱ्या चाचणीची, तारीख तर केवळ तुमच्यामुळे हलली. सुट्टीच्या आधी ती उरकून घ्यावी, असा सगळ्यांचा कल होता. सुट्टीत मुलं काय काय विसरून येतात, ते तुम्ही इयत्तावार सांगितलंत. याला संशोधनाचा आधारही आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली ३९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. लांब उन्हाळी सुट्टीनंतर मुलांचे गुण सरासरीने महिनाभराच्या शिक्षणाइतके मागे गेलेले त्यात दिसले, आणि गणितातली घसरण वाचनापेक्षा मोठी होती. पुढे या आकड्यावर वाद झाले. चाचणी कशी रचली यावरही तो बदलतो. पण नियोजनापुरती गोष्ट साधी आहे. सुट्टीआधी चाचणी घेतली, तर सुट्टीतली घसरण आपल्या उपक्रमाच्या माथी बसते. शाळा उघडल्याच्या दिवशीच घेतली, तर मुलांना विसरलेलं आपसूक आठवतं त्याचं श्रेय उपक्रम लाटतो. आता चाचणी शाळा सुरू होऊन काही आठवडे गेल्यावर आहे, आणि जिथे उपक्रम नाही त्या वर्गांतही त्याच सुमारास. तुलनेचा गट का लागतो, हे संशोधनपद्धतीच्या तासाला आम्हीच शिकवतो. ते वर्षाच्या तक्त्यात नेमक्या आठवड्यावर आणून बसवायला शाळा चालवलेलं माणूस लागलं.

संमतीपत्रांचंही तसंच. नीतिविषयक समितीची मान्यता, मग शाळेची परवानगी, मग पालकांची संमती आणि शेवटी त्या मुलाचा स्वतःचा होकार, अशी ही वाट असते. कागदावर ती एका ओळीत मावते. पालकांकडे गेलेला कागद दप्तरातून परत यायला किती वेळ घेतो, हे तुम्ही सांगितलंत, आणि त्या रकान्याची रुंदी वाढली. याविषयी अधिक काय लिहू!

तुमच्या एका प्रश्नाचा मात्र मला पहिल्यांदा राग आला होता. प्रत्येक कामापुढे आम्ही लिहिलेला अवधी वाचून तुम्ही विचारायचात, "गेल्या खेपेला प्रत्यक्षात किती लागला?" यंदा साहाय्यक आहेत, यंदा तयारी आहे, असं आम्ही सांगायचो, तुम्ही मान डोलवून तोच प्रश्न पुन्हा विचारायचात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नियोजनातल्या या हमखास भ्रमाकडे, म्हणजे काम लागतं त्याहून कमी वेळात उरकेल असं मानण्याकडे, लक्ष वेधलं होतं. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला. विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस सांगितले. सगळंच बिनसलं तर? सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून थोडे जास्त, म्हणजे सगळं बिनसण्याचा अंदाजसुद्धा कमी पडला. यावर उपाय म्हणून अभ्यासक जे सुचवतात, ते तुम्ही विचारत होतात तेच आहे: या कामाची कल्पना करत बसू नका, अशाच जुन्या कामांना किती वेळ लागला ते बघा.

मुलाखतींचा हिशेब तुम्ही फळ्यावर मांडलात. एक तासाचं ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार-सहा तास लागतात. गटचर्चेत कोण बोललं हे ओळखायचं असल्यानं त्याहून जास्त. समजा चाळीस मुलाखती, पाऊण-पाऊण तासाच्या. तीस तासांचं मुद्रण झालं, म्हणजे नुसतं उतरवून काढायलाच एकशे वीस ते एकशे ऐंशी तास. संकेतन (मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा करणं), विश्लेषण आणि लेखन यांना अजून हातही लागलेला नाही. तिथेच मुलाखतींची संख्या कमी झाली. त्यामुळे अभ्यास दुबळा होईल, असं मला वाटत नाही. उतरवूनच न झालेल्या मुलाखतींपेक्षा नीट वाचलेल्या थोड्या मुलाखती कधीही बऱ्या.

आणि स्टेनहाउस! शिक्षकाने आपल्या वर्गाचा स्वतः अभ्यास करावा, ही लॉरेन्स स्टेनहाउस यांची भूमिका आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० साली स्थापन झालेल्या शिक्षण संशोधन केंद्राच्या संस्थापकांत ते होते. त्यांच्या विचारांवर एक दिवसाचा परिसंवाद यादीत होता, वक्ते सगळे प्राध्यापक. तुम्ही यादी वाचलीत आणि म्हणालात, "यात शिक्षक कुठे आहेत?" खोलीत हशा पिकला, पण परिसंवाद रद्द झाला. त्याच्या जागी सत्राच्या सुरुवातीला शिक्षकांबरोबर एक बैठक आली. यंदा काय शोधायचं, हे ती बैठक संपल्यावरच पक्कं होणार आहे. सगळ्या आराखड्यात मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याचं दुसरं टोकही तुम्हीच बांधून दिलंत. संशोधक शाळेत येतात, प्रश्नावल्या भरून नेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत, हे तुम्ही कुठलाही कडवटपणा न आणता सांगितलंत. म्हणून ते जास्त लागलं. आता प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी शाळेत जाऊन निष्कर्ष सांगण्याचा दिवस ठरलेला आहे, दोन पानी सारांशासह, आणि शोधनिबंध छापून येण्याची वाट न बघता. प्रवासखर्चाची तरतूदही केली आहे, नाहीतर असे दिवस आराखड्यातच राहतात.

वार्तापत्र गेलं, एक परिषद पुढच्या वर्षावर गेली. वर्षाच्या मध्ये काही आठवडे मोकळे सोडले आहेत. ते पाहून समितीतल्या एका सदस्यांनी "इथे काही दिसत नाही" अशी शंका काढली. संचालकांनी तुमचंच उत्तर दिलं: "मागे पडलेलं काम तिथे येऊन बसणार आहे."

एका बाबतीत माझं मत अजून बदललेलं नाही. पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं पाक्षिक चर्चासत्र महिन्यातून एकदाच घ्यावं, असं तुमचं म्हणणं होतं. मी ते पाक्षिकच ठेवलं आहे. अर्धवट काम चारचौघांत मांडायची सवय विद्यार्थ्याला तिथेच लागते, आणि महिनाभराच्या खंडानंतर प्रत्येक जण पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागतो. खर्च शून्य आहे. वेळ जातो, हे मान्य.

पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या की आढाव्याची बैठक आहे. निमंत्रण वेगळं पाठवतो. प्रत्येक कामापुढे अंदाजाचा आणि प्रत्यक्षाचा असे दोन रकाने तयार ठेवले आहेत. चर्चासत्रावरून भांडायचं असेल तर तो विषय शेवटी घेऊ, म्हणजे भरपूर वेळ मिळेल.

मनापासून आभार.

आपला,
केंद्राचा नियोजन समन्वयक