वाचनालयाचे तीन संगणक चालू राहावेत म्हणून

सप्रेम नमस्कार,

जूनमधली गोष्ट. दहावी झालेली एक मुलगी आईला घेऊन वाचनालयात आली. 2025-26 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला, त्यामुळे तालुक्यातल्याच कॉलेजात जायचं असलं तरी अर्ज संगणकावरच. आईच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, मार्कशीट, सगळं घड्या न मोडता ठेवलेलं. मुलीने माहिती भरली, कॉलेजांचा पसंतीक्रम लावला आणि दाखला अपलोड करताना संगणक अडकला. आतली हार्ड डिस्क खरखरत राहिली. तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी दोन मिनिटंही तग धरेना. दोघी वीज येईपर्यंत थांबल्या आणि साडेआठला पुन्हा पहिल्यापासून बसल्या. त्या दिवशी अर्ज भरून झाला, पण त्या माउलीला तसं ताटकळत ठेवल्याची खंत आम्हाला आजही आहे.

मोबाइल घरोघरी आहे, मग वाचनालयात संगणक कशाला, असं काहीजण विचारतात. एमपीएससीचा अर्ज, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, फोटो नि सही ठरलेल्या मापात बसवणं, हे पाच इंचांच्या पडद्यावर करून बघा. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, पण तो काढून प्रिंट घ्यायला आजोबा आमच्याकडेच येतात. ओटीपी दुसऱ्याला सांगावा लागत नाही, शेजारी बसून कोणीतरी शांतपणे दाखवतं, याचंच त्यांना जास्त अप्रूप.

आपलं वाचनालय 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, 'ब' वर्गाचं. सरकारचं परिरक्षण (देखभाल) अनुदान हप्त्यांनी येतं आणि पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांतच संपतं. संगणकासाठी हात पसरावा लागतो, तो आपल्याच माणसांपुढे.

नवे संगणक आम्ही मागत नाही. तिन्ही यंत्रं जुनी आहेत, विंडोज 11 त्यांवर चढत नाही, आणि विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाले. जिथे लोक बँकेचा पासवर्ड टाकतात तिथे ही जोखीम घेणं आम्हाला पटत नाही. म्हणून तिन्हींवर विंडोजऐवजी उबुंटू ही दुसरी संगणक प्रणाली घालायचं ठरलं आहे. ते फुकट आहे, त्यात मराठी नीट टाइप होतं आणि सरकारी अर्ज ब्राउझरमध्येच भरायचे असल्याने काही अडत नाही. फक्त प्रत्येकाला जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एक एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणि वाढीव रॅम, म्हणजे मेमरी, हवी. त्याशिवाय इन्व्हर्टरची नवी बॅटरी आणि वर्षभराचं इंटरनेटचं बिल. दुकानदारांची कोटेशनं सूचना फलकावर लावली आहेत, जरूर पाहा.

पुण्या-मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनी चालू स्थितीतला जुना लॅपटॉप पाठवला तरी चालेल. आतली माहिती मात्र आधी पुसून द्या. पैसे रोख द्या किंवा वाचनालयाच्या नावाने चेक द्या. पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. पुढच्या वार्षिक सभेत पै-पैचा हिशेब वाचून दाखवू.

आणि कॉलेजच्या मुलामुलींना वेगळी विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ, 6 ते 8, या संगणकांजवळ बसा. अर्ज तुम्ही भरायचा नाही, समोरच्याला भरू द्यायचा, अडलं तर दाखवायचं. उठताना त्याचं लॉगआउट झालंय ना, डाउनलोड केलेला दाखला पुसलाय ना, एवढं बघायचं. नावनोंदणीची वही ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहे.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय