ताई, तो ताप तुम्ही मला अंगावर काढू दिला नाहीत

प्रिय ताई,

समोर बोलायला गेले तर तुम्ही हात झटकून विषय बदलाल, म्हणून लिहूनच सांगते. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण त्या पहाटे मी ज्या अवस्थेत मैदानावर आले होते, त्याच अवस्थेत आजही कुणीतरी बुटांच्या लेस बांधत बसलं असेल.

शर्यतीला नऊ दिवस उरले होते. २१ किलोमीटरची माझी पहिलीच शर्यत, आणि वेळापत्रकात त्या दिवशी १६ किलोमीटर लिहिलेले. आदल्या संध्याकाळपासून अंग मोडून आलं होतं, रात्री दोनदा थंडी वाजून जाग आली. साडेचारला पॅरासिटामॉल घेतली. थोड्या वेळाने हलकं वाटायला लागलं, थर्मामीटर लावला तर ताप नाही. मनाशी म्हटलं, नुसती कणकण आहे, घाम निघाला की जाईल. घाम गाळला की ताप पळतो, हे लहानपणापासून कानावर पडलेलं.

तुम्ही माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि विचारलंत, "बरं नाहीये का गं?" मी म्हटलं, "आत्ताच बघितला, ताप नाहीये." इथे कुणीही "मग ठीक आहे" म्हणून पुढे गेलं असतं. तुम्ही विचारलंत, "गोळी कधी घेतलीस?"

ताई, त्या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र आहे. थर्मामीटर कितीही खरा असला तरी गोळी पोटात असताना तो अर्धीच गोष्ट सांगतो, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग तुम्ही मला पायरीवर बसवलंत. पाच मिनिटं काही बोलू दिलं नाहीत. माझ्या मनगटावर तीन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत तीस सेकंद मोजलीत. ४७ ठोके, म्हणजे मिनिटाला ९४. एरवी सकाळी माझी नाडी ५८च्या आसपास असते. "बसल्या जागी तुझं हृदय चढ चढतंय," तुम्ही म्हणालात, "आणि त्याच्यावर तू सोळा किलोमीटर लादणार?" शरीराचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, हे तुम्ही तिथेच समजावलंत. गोळीने ताप उतरतो, पण आत चाललेली लढाई चालूच राहते.

त्या दिवशी साडेदहाला गोळीचा असर ओसरला आणि ताप १०१.८ फॅरनहाइटवर गेला. मी पांघरुणात होते. तुम्ही नसतात तर मी त्याआधी दोन तास धावून आले असते.

तुमची चाचणी आता मी पाठ केली आहे. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा थोडा खवखवतोय, आणि ताप नाही, तर हलका व्यायाम सहसा चालतो. नेहमीपेक्षा कमी वेळ, कमी जोर, आणि दहा मिनिटांत अंग सैल पडण्याऐवजी जड व्हायला लागलं तर घरी परत. मानेच्या खाली काही असेल, म्हणजे छातीत कफ, खोल खोकला, अंग ठणकणं, उलट्या-जुलाब, तर विश्रांती. आणि ताप असेल तर मान कुठे सुरू होते याची चर्चाच करायची नाही. क्रीडावैद्यकात हा आडाखा १९९०च्या दशकापासून वापरात आहे. तो आडाखाच आहे, नियम नव्हे. दमा, मधुमेह किंवा हृदयाचं दुखणं असलेल्याने त्यावर न विसंबता डॉक्टरांना विचारावं, हेही तुम्ही दर वेळी बजावता.

मी तेव्हा वाद घातला होता, आठवतं? "पडशात धावलेलं चालतं असं सगळे म्हणतात." तुम्ही ते नाकारलं नाहीत. घरी जाऊन मी वाचत बसले, तर अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठातला १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग सापडला. पन्नास जणांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूचा संसर्ग करवला. त्यांतले ३४ जण एक दिवसाआड चाळीस मिनिटं मध्यम व्यायाम करत राहिले, १६ जणांनी केला नाही. सर्दीची तीव्रता आणि ती किती दिवस राहिली, दोन्हींत फरक पडला नाही. म्हणजे माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते सर्दीबद्दल होतं. मला सर्दी नव्हती. ताप आणि अंगदुखी असताना मी सर्दीचा दाखला पुढे करत होते.

याच वाचनात मला स्वीडनमधल्या ओरिएंटियरिंगच्या खेळाडूंबद्दल कळलं. नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावत वाट शोधायची, असा तो खेळ. १९७९ ते १९९२ या काळात तिथे या खेळातले १६ तरुण खेळाडू अचानक दगावले. शवविच्छेदनात अनेकांच्या हृदयाच्या स्नायूंना दाह झाल्याचं दिसलं. जबाबदार जंतू कुठला यावर पुढे बरीच चर्चा झाली, पण तिथल्या संघटनेने १९९२च्या अखेरीस अव्वल खेळाडूंचा सराव आणि स्पर्धा काही महिने थांबवल्या. ही सगळी दणकट माणसं होती. वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

साध्या फ्लूच्या विषाणूमुळेही कधीकधी हृदयाच्या स्नायूंना असा दाह होऊ शकतो, त्यालाच मायोकार्डायटिस म्हणतात. असं क्वचितच होतं, आणि मला घाबरवण्यासाठी तुम्ही ते नाव कधी घेतलंही नाहीत. पण आजारपणात किंवा नंतर छातीत दुखलं, धडधडलं, नेहमीच्या श्रमाने भलताच दम लागला किंवा चक्कर येऊन पडायला झालं, तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर, एवढं तुम्ही स्पष्ट सांगितलं होतंत. तेव्हा ते वाक्य मी नुसतं ऐकून घेतलं. आता त्याचं वजन कळतं.

त्या पहाटे तुमचाही सराव होता. सगळे निघून गेले आणि तुम्ही माझ्याशेजारी पायरीवर बसून राहिलात, मला न्यायला घरून कुणी येईपर्यंत. ती सकाळ तुम्ही माझ्यासाठी घालवलीत आणि एका शब्दाने ते जाणवू दिलं नाहीत. पुढचे अकरा दिवस रोज सकाळी तुमचा फोन. तीनच गोष्टी विचारायचात: नाडी किती, झोप कशी, भूक लागतेय का. पळायला कधी सुरू करशील, हे एकदाही नाही.

चौथ्या दिवशी ताप गेला आणि मी लगेच धावायचे बूट बाहेर काढले. तुम्ही फोनवर म्हणालात, गोळी न घेता पूर्ण एक दिवस ताप नको, आणि त्यानंतरही आधी चालायचं. वीस मिनिटं चालले आणि घरी जिना चढताना कठडा धरावा लागला. तेव्हा पटलं. शर्यत मी धावले नाही. त्याचं मला खूप वाईट वाटलं, आणि "जाऊ दे, त्यात काय एवढं" असं तुम्ही म्हणाला नाहीत, यासाठीही आभार. तुम्ही फक्त म्हणालात, "वाईट वाटणारच. इतके महिने केलंस ना."

माझी खरी भीती शर्यतीची नव्हतीच. एक आठवडा बसले तर कमावलेलं सगळं जाईल, असं वाटायचं. प्रत्यक्षात चांगला सराव असलेल्यांनी तीन आठवडे पूर्ण बंद ठेवलं, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता सरासरी सात टक्क्यांच्या आसपास घटल्याचं १९८४ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं. तीन आठवड्यांत सात टक्के! मी एका आठवड्यासाठी झुरत होते. परत सुरू केल्यावर पहिले काही दिवस निम्म्याच अंतराने, निम्म्याच जोराने धावले, आणि तिसऱ्या आठवड्यात जुनी गती आपसूक आली.

मागच्या आठवड्यात मला पडसं झालं होतं. नाक गळत होतं, बाकी काही नाही. ताप नव्हता, गोळी घेतली नव्हती, नाडी ६०. बंद खोलीतल्या जिममध्ये जाऊन इतरांना प्रसाद द्यायचा नाही म्हणून मोकळ्यावर एकटीच गेले, पंचवीस मिनिटं सावकाश धावले आणि परतले. तुम्हाला विचारावंही लागलं नाही.

तुम्ही सांगितल्यापासून उशाशी वही आहे, उठल्या उठल्या नाडी लिहिते. आज सकाळी ५७. शनिवारी सोळा किलोमीटरला येते, तुम्ही असालच.

तुमची,
मागच्या रांगेत धावणारी