"आवाज येतोय, पण कळलं नाही"

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कानांच्या काळजीवरचा लेख वाचला. कानात काडी घालू नका, इयरफोनचा आवाज कमी ठेवा, हे सारे योग्यच आहे. पण सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीत, घरोघरी ऐकू येणारे एक वाक्य त्यात कुठेच नव्हते: "आवाज येतोय, पण काय बोललीस ते कळलं नाही." माझे वडील हे वाक्य गेली १० वर्षे म्हणत आहेत. त्यांनी ३५ वर्षे यंत्रमाग चालवले.

आमच्या घरी तेलुगू बोलतात, वडिलांना आम्ही नायना म्हणतो. "नायना, जरा लक्ष देऊन ऐका की!" असे मी त्यांना कितीदा बोलले असेन, त्याची आज लाज वाटते. एका दवाखान्यात तर "वय झालं, चालायचंच" एवढ्यावर आमची बोळवण झाली. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तरी ऐकणे म्हणजे नेमके काय, हे मला त्यानंतर वाचायला बसल्यावर समजले.

कानाचा पडदा, त्यामागची तीन हाडे आणि गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी, इथपर्यंत आम्ही मुलांना शिकवतो. त्या नळीत सुमारे १५ हजार केसपेशी, म्हणजे केसांसारखे बारीक तंतू असलेल्या, आवाज टिपणाऱ्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खर्जातले. या पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मात्र त्या फक्त निरोप धाडतात, त्याचा अर्थ लावायचे काम मेंदूचे. आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका आधी पोचला, तरी मेंदू तो फरक हेरतो आणि हाक कुठून आली ते ठरवतो. एकात एक मिसळलेल्या दहा आवाजांतून हवा तो वेगळा काढणे हेही त्याचेच काम. नायना शेडमध्ये चार माग एकत्र चालवायचे, आणि त्या खडखडाटात कुठल्या मागाचा ठेका बिघडला ते पाठमोरे असतानाही ओळखायचे. ते त्यांच्या मेंदूने वर्षानुवर्षे कमावलेले कसब होते. त्याच खडखडाटाने त्यांचे कान नेले.

गोंगाटाचा मार सहसा ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांच्या उंच पट्टीच्या, आसपास आधी बसतो. बोलण्यातले स्वर त्याच्या बरेच खाली असतात आणि जोरकस असतात, म्हणून "आवाज येतो". स, श, थ, फ यांची ओळख मात्र वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजावर असते. ती पट्टी गेली की 'साठ' आणि 'आठ' एकच. भाजीवालीसमोर नायना कितीतरी वेळा याच दोन आकड्यांत अडकले आहेत. गाळलेल्या जागा मग मेंदू अंदाजाने भरतो: ओठ बघून, मागचे-पुढचे शब्द जुळवून, भाषेच्या सवयीवरून. त्यामुळेच घरात समोरासमोर बसून बोललेले तेलुगू त्यांना बरेचसे कळते. बँकेच्या काचेआडून भराभर बोललेले मराठी कळत नाही. दिवसभर असे अंदाज बांधून डोके शिणते आणि संध्याकाळी ते गप्प बसतात. त्याला आम्ही तऱ्हेवाईकपणा समजत होतो.

तपासणीबद्दलही लिहायला हवे. हेडफोन लावून 'टूं' ऐकू आले की हात वर करायचा, ही चाचणी गरजेचीच आहे, पण ती अपुरी पडते. २००९ साली अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण केसपेशी आणि नस यांना जोडणाऱ्या सांध्यांपैकी काही भागात जवळजवळ निम्मे कायमचे तुटले होते. म्हणून बोललेले शब्द, तेही मागे गोंगाट ठेवून, किती कळतात हे तपासले पाहिजे. आमच्या पूर्व भागात ते शब्द तेलुगूतही हवेत, नाहीतर कानाऐवजी माणसाच्या मराठीचीच परीक्षा व्हायची.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पत्र्याच्या छोट्या शेडमधल्या कामगारापर्यंत ही ओळ पोचलेली मी पाहिली नाही. कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांची जोडी चहा-नाश्त्याच्या खर्चात येते. मालकांनी ती द्यावी, कामगारांनी वापरावी. मागाचा ठेका बोळे घालूनही कळतो.

महापालिकेच्या दवाखान्यांनी आणि यंत्रमागधारकांच्या संघटनांनी मिळून मागांच्या वस्तीत कानतपासणी शिबिरे भरवावीत, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी कळकळीची विनंती आहे. आणि ही शिबिरे कामाची पाळी सुटल्यावर लगेच भरवू नयेत. गोंगाटातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाचे कान काही तास मंदावलेले असतात, त्यामुळे चाचणी चुकते. निदान १४ तास शांततेत गेलेले हवेत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सकाळी शिबिर ठेवले तर ते सहज जमेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर