बाबांच्या उपदेशाच्या वह्या: मृगाआधी करायचं काम

प्रिय आई-बाबांना सप्रेम सलाम.

बाबा, माळ्यावरच्या ट्रंकेतल्या, पाळक म्हणून चर्चमध्ये दिलेल्या उपदेशांच्या वह्या यंदा बंबात घालायच्या, असं तुम्ही फोनवर म्हणालात. कृपा करून घालू नका. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीसाहेबांच्या रोजनिशीत 1 सप्टेंबर 1778 ची नोंद आहे. त्या दिवशी इंग्लंडातल्या टिव्हर्टनला त्यांना एका भल्या माणसाचं जुनं बोलणं आठवलं. तो म्हणायचा, मी दर सात वर्षांनी माझे सगळे उपदेश जाळतो, कारण तेवढ्या काळात त्याहून चांगलं लिहिता आलं नाही तर ती लाजेची गोष्ट. त्यावर वेस्ली सरळ लिहितात की मला हे जमणार नाही. पैशाच्या वापरावर जवळजवळ तीस वर्षांपूर्वी जे लिहिलं, त्याहून सरस आज लिहिता येत नाही. कुठल्या गावी बायबलातल्या कुठल्या वचनावर बोललो याची 1747 ते 1761 ची त्यांची नोंदवहीही राहिली आहे. तुमच्या वह्या त्याच जातीच्या आहेत.

माझ्या लेखी त्यांतला सगळ्यात मोलाचा भाग समासात आहे. लूक 5:1-11 चं, जाळी भरून मासे मिळाल्याच्या गोष्टीचं पान उघडून बघा. वर वचन, खाली एका ओळीत गाभा, मग तीन मुद्दे, शेवटी गीतांचे क्रमांक. एवढं कुणाच्याही वहीत सापडेल. पण बाजूला तीन गावांच्या तीन तारखा आहेत, तीन वेगळ्या शाईंत. पहिलीशेजारी, 'पत्र्यावर पाऊस. वचन दोनदा वाचलं. दुसरा मुद्दा गाळला.' दुसरीशेजारी, 'कोळीवाड्यातली प्रार्थना. जाळ्याबद्दल सांगायचं नाही, त्यांनाच विचारायचं.' तिसरीशेजारी, 'शेवट लांबला. 31 मिनिटं.'

मेथडिस्ट पाळकाची नेमणूक बिशप कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या वार्षिक सभेत, वाचतात आणि बिऱ्हाड उचलावं लागतं. ट्रंक सोबत जाते, मंडळी बदलते. म्हणून एकच उपदेश नव्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो, आणि तो कसा पिकत गेला ते फक्त या समासातच दिसतं. वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा, सोपं वचन घ्या, त्यापासून भरकटू नका, ऐकणाऱ्यांना साजेसा विषय निवडा, हे नियम वेस्लींनी आपल्या उपदेशकांना घालून दिले. सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयातून, नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला ते पाठ असतात. पाऊस आल्यावर काय गाळायचं, हे त्याला कुठे शिकायला मिळणार? मागच्या बाकापर्यंत पोचेल असं सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे वीस मिनिटांत दोन-अडीच हजार. पत्र्यावर सर कोसळत असताना प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागतं. त्यात निम्मंच बसतं, आणि बाकीचं घाईनं उरकलं तर काहीच ऐकू जात नाही. तुमचा गाळलेला दुसरा मुद्दा हा त्या मुलासाठी पुरा धडा आहे.

आता काम. मृग लागायच्या आत उरकायला हवं, कारण हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांवर टिकून राहिली की कागदाला बुरशी धरते, आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर ती त्याच्या बरीच वर असते. ट्रंक माळ्यावरून आधी खाली घ्या. तिथे कौलातून ठिबकतं, आणि शेजारी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली सुकी मासळी न् भात ठेवलं की किडे-उंदीर येतात ते वह्यांकडेही वळतात. शिवाय लोखंडी ट्रंकेला आतून घाम सुटतो.

वह्या पडवीत सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात, पानं किंचित उघडी ठेवून दोन-तीन दिवस उभ्या करा. उन्हात घालू नका. शाई उडते आणि कागद पिवळा पडून कडकडीत होतो. बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं मुळीच पुसू नका, ती कागदात आणखी मुरते. आधी पूर्ण सुकू द्या, मग अंगणात मास्क लावून मऊ ब्रशनं घरापासून दूर झटका. आई, हे काम तू करू नकोस, तुला दमा आहे. शेजारच्या मुलाला सांग.

गंजलेल्या पिना आणि टाचण्या ओढून काढायच्या नाहीत. टोकं पातळ सुरीनं उचलून सरळ करायची, मग एकेक पाय बाहेर काढायचा. खाऱ्या हवेत पिन फुगते आणि तिच्याभोवतीचा कागद कुजतो, तो ओढला की फाटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत त्याचा गोंद तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो. लॅमिनेशन तर नकोच. सुटी पानं साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत ठेवा. वर्तमानपत्रात नको, त्याची शाई लागते.

बाबा, पानांचा क्रम लावू नका. वचनांप्रमाणे, सणांप्रमाणे लावावंसं वाटेल, म्हणजे नाताळाआधीचा आगमनकाळ एकीकडे, झावळ्यांचा रविवार एकीकडे, देवाशी करार नव्यानं करायची उपासना आणि 31 डिसेंबरची रात्र वेगळी. तसं केलं तर कुठल्या नेमणुकीत काय चाललं होतं तो धागा तुटतो. वही जशी आहे तशीच राहू दे. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं फक्त क्रमांक घाला. वचनाप्रमाणे सूची मी वेगळ्या वहीत करीन.

फोटो फोननं पुरतील. खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ दे, फ्लॅश बंद, फोन पानाला समांतर, आणि समासाची कड पूर्ण फ्रेममध्ये. घाईत कापली जाते ती नेमकी हीच कड. कोरं पान आलं तरी त्याचा फोटो काढा, नाहीतर मधलं एखादं पान राहिलं की काय, असा संशय पुढे राहतो. एक प्रत तुमच्याकडे, एक माझ्याकडे.

मग घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत वह्या आडव्या ठेवून ओल शोषणारं सिलिका जेल दोनशे ग्रॅम घाला. नारिंगी दाणे हिरवट झाले की लोखंडी तव्यावर मंद आचेवर रंग परत येईपर्यंत तापवायचे. वह्या खरोखर सुकल्याशिवाय झाकण लावू नका, ओल आत कोंडली तर पेटी ट्रंकेपेक्षा वाईट. पेटी जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून सुटी असावी, म्हणजे वाळवीची मातीची रेघ वेळेवर दिसेल.

दोन गोष्टी नाजूक आहेत. समासात कुठे कुठे लोकांची नावं आहेत, कुणाचं आजारपण, कुणाच्या घरचं भांडण, कुणासाठी प्रार्थना मागितली ते. ते पाळकाजवळ विश्वासानं बोललेलं आहे. त्या पानांवर पेन्सिलीनं फुली करा, ती मी कुणालाही दाखवणार नाही, आणि पुढे कधी प्रती एखाद्या सेमिनरीच्या ग्रंथालयाला दिल्या तर त्यातून ती वगळीन. दुसरं, ट्रंकेत चुकून बाप्तिस्म्याचं किंवा लग्नाचं रजिस्टर आलं असेल तर ते आपलं नाही. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्नाची नोंद हा कायदेशीर दस्तऐवज आहे. ते त्या मंडळीला पोचतं करू.

आणि एक काम मला जमणार नाही, ते तुमच्याशिवाय कुणालाच जमणार नाही. समासातल्या खुणा: दोन उभ्या रेघा, गोलातला 'ग', काही ओळींखालची लाल रेघ. 'ग' म्हणजे इथे गीत घ्यायचं की गाळायचं? लाल रेघ आवाज चढवायला की थांबायला? आई, संध्याकाळी दिवे लागले की एक वही घेऊन बाबांजवळ बस. त्यांनी पान मोठ्यानं वाचायचं, पुलपिटवर वाचायचे तसं, आणि खुण आली की सांगायचं. तू फोनवर रेकॉर्ड कर. रोज दोन पानं झाली तरी खूप, डोळे शिणले की बंद करा.

सुरुवात शाईपेनानं लिहिलेल्या वह्यांपासून करा. बॉलपेनाची शाई पाण्यात तग धरते, दौतीच्या शाईवर एक थेंब पडला तरी ओळ जाते. दाणे आणि पेटी मी कुरियरनं पाठवते आहे.

तुमची लेक